खळ्यातली चाळीस फुटी पोफळ

माणसानं घरात असावं तर घरात असावं, बाहेर असावं तर बाहेर असावं. आप्पा दोन्हीकडे नव्हते. सकाळी चहाचा कप समोर ठेवला तरी आप्पांच्या कानांवर ती दोन काळी झाकणं चढलेली असायची. बायकोनं, मालनकाकीनं, "साखर पुरे का?" विचारलं की उत्तर यायचं, "फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन." आता चहाला फाइव्ह नाइन म्हणजे साखर जास्त की कमी, हे कोणी सांगावं? बरं, ते उत्तर तिला नसायचंच. ते नागपूरच्या कुणा दातांच्या डॉक्टरला असायचं, तुझा आवाज स्वच्छ येतोय अशा अर्थाचं.

आणि दोघं बोलायचे काय, तर हवामान. "इथं ऊन आहे, ओव्हर." अहो, नागपूरला ऊन असतं हे कळायला यंत्र कशाला पाहिजे? चांगलं लग्नाचं वऱ्हाड बसेल एवढी खोली त्या यंत्रानं अडवली होती. कोकमाच्या बरण्या माळ्यावर गेल्या, मालनकाकीच्या माहेरची पेटी पडवीत आली, आणि पेटीच्या जागी आप्पा बसले. आप्पांना कोणी नावं ठेवली तर मालनकाकी त्या माणसाला आवाराच्या दगडी गडग्याबाहेर काढायची, पण स्वतः ठेवायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आप्पा बोटीवर वायरलेस ऑफिसर होते. बोटीवरची ती नोकरीच पुढे बंद झाली, आप्पा रत्नागिरीजवळ पावसच्या अलीकडे आपल्या वाडीत येऊन राहिले, कलमं सांभाळली, माड सांभाळले, सगळं बरं चाललं होतं. एवढं चांगलं चाललेलं बघून देवालाही कंटाळा येत असावा. बहात्तराव्या वर्षी आप्पांनी हौशी रेडिओचं, म्हणजे घरी बसून वायरलेसवर बोलायचं, लायसन काढलं.

मालनकाकी चौथी पास. पास की चौथीत बसून उठली, याबद्दल माहेरी दोन मतं होती. पण आगरातलं पाणी कुठल्या पाटानं सोडलं की शेवटच्या माडापर्यंत पोचतं, मांडवाला कुठल्या बांबूनं जोर येतो आणि कुठल्या पाहुण्याला दुसरा लाडू विचारायचा नाही, ह्यात तिला शिकवायला अजून कोणी जन्मला नव्हता. त्यामुळे आप्पांनी जेव्हा दोन माडांच्या मधे एक लांब तार बांधली, तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, "कपडे वाळत घालायला का?"

"ती अँटेना आहे," आप्पा म्हणाले.

तार वीस मीटर. दोन्ही टोकं दोन माडांना. मधोमध एक जाड काळी केबल लोंबत खिडकीतून आत. त्या केबलच्या वजनानं तारेचा मधला भाग खाली झोळ खाऊन पंपाच्या शेडच्या पत्र्याच्या वर हातभर अंतरावर आला होता. बोटीवर तारा बांधायला खलाशी असायचे, आप्पा नुसते बोलायचे. हे त्या झोळावरून आंधळ्यालाही कळलं असतं.

हाताशी आलेली तार सोडून देईल ती बाई कसली. दुसऱ्या दिवशी मालनकाकीनं धुतलेली चादर झोळावर टाकली. आतून आप्पा ओरडत बाहेर आले.

"अगं मधे नको! सगळा करंट मधे असतो!"

मालनकाकीनं चादर ओढून तारेच्या टोकाकडे सरकवली.

"टोकाला तर मुळीच नको! टोकाला व्होल्टेज असतं! हात लावलास तर पोळशील!"

"मग वाळत घालू कुठं? तुमच्या डोक्यावर?"

आप्पांनी उत्तर म्हणून एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर चित्र काढलं. चूक आप्पांचीच. ज्यानं मालनकाकीला एकदा समजावून सांगितलं, त्याला पुढे तिच्याकडून समजावून घ्यावं लागतं, हे इतक्या वर्षांत त्यांना कळायला हवं होतं. चित्रात तार होती आणि तारेवर उंटाच्या वशिंडासारखा एक फुगवटा होता. मधे फुगीर, दोन्ही टोकांना शून्य.

"हा करंट," आप्पा म्हणाले. "मधे सगळ्यात जास्त. टोकाकडे कमी कमी होत संपतो. जिथं करंट जास्त, तिथूनच बोलणं बाहेर पडतं. आणि उंची लागते. तार खाली असली की बोलणं सरळ आभाळात चढतं आणि तिथून परत आपल्याच आसपास पडतं. कोल्हापूर, नागपूर, फार तर भोपाळ. तार उंच असली की ते तिरकं निघतं, समुद्रापलीकडे जातं."

"आणि समुद्रापलीकडे कोण आहे?"

"हरिहर."

हरिहर ह्याच वाडीचा. आप्पांच्याच वर्गातला, आप्पांसारखाच बोटीवर वायरलेसवाला. म्हातारपणी लेकीकडे ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन राहिला होता आणि तिथं त्यानंही असलंच यंत्र मांडलं होतं.

"अहो मग फोन करा की! ईशा तिच्या मावशीशी अमेरिकेत रोज तास तास बोलते, फुकट." ईशा म्हणजे नात, पुण्याला असते.

आप्पांनी लग्नपत्रिका खाली ठेवली. मग म्हणाले, "फोनवर तो जावयाच्या घरात बसून बोलतो. ह्याच्यावर तो बोटीवर बसून बोलेल."

 मालनकाकीनं लग्नपत्रिका उचलून ते वशिंड निरखून बघितलं, मग बाहेर जाऊन तारेचा झोळ बघितला, आणि कपाळावर हात मारला.

"बोलणं मधून निघतं म्हणता, आणि मधलाच भाग पत्र्यावर नेऊन ठेवलाय! टोकांना काही नाही म्हणता, आणि टोकं चढवलीत माडावर! अहो, बिनकामाच्या माणसांना खुर्च्या आणि नवरदेव सतरंजीवर? मधला भाग उंच घ्या. टोकं सोडा खाली, बांधा गडग्याला. मांडवाला मेढ मधे असते, कडेला नसते."

आप्पा तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले. वायरलेसच्या परीक्षेत त्यांना पहिला वर्ग होता. "म्हणजे उलटा व्ही," ते पुटपुटले. "असतो तसा. पुस्तकात असतो."

"पुस्तकात असतो तर खळ्यात का नाही?" मालनकाकी म्हणाली, आणि स्वतःच्या गळ्यात स्वतःच्या हातानं धोंडा बांधून घेतला.

मेढ पाहिजे. चाळीस फूट. हातखंब्याला लोखंडी पाइप मिळतो, असं शेजारच्या कमळाचं म्हणणं. कमळाला सगळं कुठं मिळतं ते माहीत असतं. आणायला मात्र दुसऱ्यानं जायचं. आप्पा म्हणाले, लोखंड नको, तारेच्या जवळ लोखंड आलं की ते आपलंच बोलणं खातं. मालनकाकी म्हणाली, मग पोफळ. तिच्या आगराच्या खालच्या अंगाला एक म्हातारी पोफळ होती, सरळसोट, सुपारी धरायची सोडून दोन वर्षं झालेली. त्यापेक्षा चांगला खांब रत्नागिरीच्या बाजारात नसता मिळाला.

कमळा दुपारी सुपारी कातरायला आली आणि विषय पुढे गेला.

"अगो मालन, त्या लहरींनी कैरी गळते हो. पेपरात आलं होतं."

"मागच्या वर्षी तुझी कैरी गळली तेव्हा कुठं होत्या लहरी?"

"तेव्हा थ्रिप्सची कीड होती."

"मग ह्या वर्षीही थ्रिप्सच असतील. त्यांना काय बदली होते?"

कमळाला राग आला नाही. तिला सल्ला पोचवायचा होता, तो पोचला. जाताना ती अजून एक ठेवून गेली. "कागद करून घे बाई. उंच काही उभं केलं की लोक बोट दाखवतात."

बोट! मालनकाकीच्या घराकडे बोट दाखवायची कोणाची टाप नव्हती आणि ती तशीच राहावी म्हणून तिनं आप्पांना ग्रामपंचायतीत पिटाळलं. हा धोंडा दुसरा.

ग्रामपंचायतीत लिपिक म्हणून दीपक बसतो. पोरगा गरीब आहे, पण त्याचं कपाट श्रीमंत आहे. त्यात प्रत्येक गोष्टीचा अर्ज आहे. फक्त आप्पांच्या गोष्टीचा नव्हता. आप्पांनी दिल्लीचं लायसन पुढे ठेवलं. दीपकनं ते उलटसुलट बघून म्हटलं, "आप्पा, ह्याच्यावर आपल्या गावाचं नाव नाही." मग त्यानं कपाटातून दोन अर्ज काढले. एक मोबाइलच्या मनोऱ्याचा. त्याला कंपनीचा शिक्का, इंजिनिअरचा दाखला, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची ना हरकत, आणि विमानांना अडथळा होत नाही असं कोणाचं तरी पत्र. दुसरा अर्ज होता अर्ध्या पानाचा. 'धार्मिक वा सांस्कृतिक कारणासाठी तात्पुरता खांब अथवा मांडव.' त्याला फक्त सही.

"ह्याच्यात टाका, आप्पा. शिमगा आलाच आहे. कोण बघतंय?"

सरकारी कचेरीत 'कोण बघतंय' असं म्हटलं की त्या क्षणी कोणीतरी बघायला लागतं. पण हे आप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी सही ठोकली, घरी येऊन "झालं" म्हणाले आणि कशावर केली ते सांगितलं नाही. मालनकाकीनंही विचारलं नाही, कारण आप्पा एखादं काम 'झालं' म्हणून आले ह्याचाच तिला इतका आनंद झाला होता.

पोफळ तोडली दादू पाडेल्यानं. माडावर चढण्यात आख्ख्या पंचक्रोशीत त्याचा हात, म्हणजे खरं तर पाय, कोणी धरणारा नाही. तोडली तो दिवस फाल्गुन पंचमी. मुद्दाम नव्हे, दादूला त्याच दिवशी सवड होती. पण शिमगा त्याच दिवशी सुरू होतो, आणि हे ध्यानात यायला हवं होतं ते मालनकाकीच्या आलं नाही. तिचं सगळं ध्यान तोडलेल्या पोफळीखाली आपली केळ चिरडू नये ह्यात होतं.

केळ वाचली. मग कळलं की चाळीस फुटी खोड आगराच्या वाटेनं वर येत नाही, वळणावर गडगा आडवा येतो. एकच वाट राहिली. मोठा रस्ता, आख्ख्या वाडीतून. दादूनं दहा माणसं लावली. दहा जणांनी खोड खांद्यावर घेतलं, पण पाऊल काही एका तालात पडेना. पुढचे चालायचे तेव्हा मागचे थांबायचे. शेवटी दादू म्हणाला, "फाक घातल्याशिवाय पाय नाही हो उचलत," आणि त्यानं शिमग्याची आरोळी ठोकली. दहा जणांनी ती उचलली. शेंडा पुढे, बुंधा मागे, "होऽऽ" करत वरात निघाली. घराघरातून पोरं धावली. कमळा तर ओंजळभर फुलं घेऊन दारात उभी. ती नंतर म्हणाली, मला वाटलं होळीच.

वाडीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. इथं होळी म्हणजे लाकडाचा ढीग नव्हे. उंच झाड तोडायचं, खांद्यावर वाजतगाजत आणायचं, शेंड्याला आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची डहाळी, बांधून देवीच्या सहाणेसमोर, पालखी बसते त्या चौथऱ्यापुढे, उभं करायचं. गावाची होळी एक. ती कोणी तोडायची, पहिला हात कोणाचा, सगळ्याचा मान ठरलेला. आणि कोणी आपल्या दारात वेगळी होळी उभी केली, तर त्याचा अर्थ एकच: हा गावातून फुटला.

घरापुढच्या खळ्यात खड्डा खणला होता. उघडा खांब उभा करू नये म्हणून मालनकाकीनं बुंध्याला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. ह्यात तिनं काही विशेष केलं नाही. मिक्सर आला तेव्हा त्यालाही कुंकू लावलं होतं. आप्पांनी शेंड्याला कप्पी बांधली, तिच्यातून दोर ओवला. दोरखंड ताणले, बांबूच्या कैच्या लावल्या आणि पोफळ उभी राहिली. मान वर करून बघितली तेव्हा शेंड्याला आंब्याचा हा एवढा टाळ.

"दादू, मेल्या, हे काय?"

"शेंडा बोडका बरा दिसत नाही, काकी."

आता चाळीस फुटांवरून तो काढणार कोण? पोफळ नुसती रोवलेली, माणूस चढला तर हलणार. राहिला.

संध्याकाळी आप्पांनी तार वर खेचली. मधला भाग टाळाच्या खाली, टोकं दोन्ही बाजूंना उतरत गडग्याला. दिवेलागणीला खोलीतून खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि मग पाण्याखालून बोलावं तसा एक आवाज. आप्पांनी मालनकाकीला हाक मारली. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला इतक्या घाईनं हाक मारलेली तिला आठवत नव्हती. आवाज म्हणत होता, "आप्पा, आलास रे. स्पष्ट आलास." आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. मालनकाकी दारातच उभी राहिली आणि मनात म्हणाली, मधला भाग उंच घ्या, हे कोणी सांगितलं? पण बोलली नाही. तेवढा मोठेपणा तिच्यात होता, रात्रीच्या जेवणापर्यंत तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी आले. भिकाजी गावकर, म्हणजे देवीची पालखी, मानपान, सगळा कारभार त्यांच्याकडे. बरोबर तिघे. पडवीत बसले. मालनकाकीनं पाणी आणून ठेवलं. तांब्याला कोणी हात लावला नाही.  ह्या घरात येऊन पाणी न पिता बसलेला माणूस तिनं बघितला नव्हता.

"वैनी," भिकाजी खळ्यातल्या पोफळीकडे बघत म्हणाले, "आमचं काय चुकलं ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"कसलं चुकलं?"

"पंचमीला खोड आणलंत. फाका घालून. वाडीतून मिरवत. नारळ झाला, कुंकू झालं, टाळ झाला. वेगळी होळी घालायची होती तर गावाला सांगायचं."

"अहो, ती होळी नाही, ती ह्यांच्या रेडिओची काठी आहे!"

भिकाजींनी खिशातून कागद काढला. दीपकच्या कपाटातल्या अर्जाची झेरॉक्स. धार्मिक कारणासाठी तात्पुरता खांब. खाली आप्पांची सही, इंग्रजीत, बोटीवर करायचे तशी शेपटीवाली.

मालनकाकीनं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी पोफळीकडे बघितलं.

"पालखी वाडीत आली की पहिलं घर तुमचं," भिकाजी उठत म्हणाले. "सासूबाई होत्या तुमच्या, तेव्हापासून. पण ज्याची होळी वेगळी, त्याच्या दारात गावाची पालखी कशी येईल? आम्हालाही वाईट वाटतं."

गेले. पाण्याचा तांब्या तसाच.

पंचमीची सप्तमी झाली. मालनकाकीनं आप्पांशी बोलणं बंद केलं, म्हणजे फक्त ओरडणं चालू ठेवलं. पालखीसाठी तिनं आणलेलं नऊवारी ओटीचं पातळ कपाटात घडी पडून होतं. विहिरीवर बायका गप्प व्हायच्या. कमळानं सल्ला दिला, पोफळ पाडून टाक. तेवढ्यात देवळातला गुरव सांगून गेला, की होळी असेल तर पौर्णिमेचा होम झाल्याशिवाय पाडता येत नाही, दोष लागतो. आणि होळी नसेल तर? नसेल तर पाडायचं कारण काय? पंचायतीत होळी नसेल तर मनोरा. त्याला विमानवाल्यांचं पत्र. गावात होळी असेल तर बहिष्कार. म्हणजे सकाळी दहा ते पाच ती होळी असणं बरं, आणि पाचनंतर ती होळी नसणं बरं. असला खांब शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवरही नसेल.

शेवटी मालनकाकी स्वतः देवळात गेली. पुरुषमाणसं बैठकीला बसलेली. तिनं पदर खोचला.

"भिकाजीभावोजी, कान आहेत ना? मग उद्या दिवेलागणीला आमच्याकडे या आणि ऐका. त्या काठीवरून पर्थचा हरिहर बोलतो. होळीतून कधी हरिहर बोललाय का?"

आले. भिकाजी आले, तिघे आले, दीपक आला कारण त्याच्या मनात धाकधूक होती, दादू आला, आणि कमळा आली हे सांगायला नकोच. सगळे त्या खोलीत दाटीवाटीनं उभे. आप्पांनी कळ फिरवली, खरखर झाली. भिकाजी भिंतीला टेकले. आप्पा हाका मारत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. मालनकाकीच्या कपाळावर घाम. भल्या माणसा, नागपूरचा दातवाला तरी येऊ दे!

आणि आला. हरिहरचा आवाज, अगदी ओसरीवर बसल्यासारखा स्वच्छ, पहिल्याच वाक्यात म्हणाला:

"काय रे आप्पा, तुझी होळी आज भलतीच जोरात आहे!"

 मालनकाकीला कळेना, आधी कोणाला मारावं. कळलं ते असं, की टाळ बांधलेला खांब, शिमग्याचे दिवस, म्हणून ह्या दोन म्हाताऱ्यांनी तारेचं लाडकं नाव 'होळी' ठेवलं होतं, आणि चार दिवस समुद्राच्या दोन्ही बाजूंनी तीच मस्करी चालली होती.

भिकाजी म्हणाले, "ऐकलं. आता जातो."

"थांबा!" मालनकाकीनं आप्पांच्या हातातून तो बोलायचा डबा हिसकावला.

"अगं, तुला लायसन नाही!" आप्पा किंचाळले.

"माझ्या जिभेला कोणाचं लायसन लागतं? भावोजी, मी मालन! हे इथं गावकर उभे आहेत. तुमच्या मस्करीपायी माझ्या दारात पालखी येत नाही! सांगा त्यांना काय ते! सांगा ना! अहो, बोलत का नाही?"

"बटण सोड!" आप्पा. "बटण दाबलं असताना ऐकू येत नाही!"

"मी बोलतेय ना अजून!"

बटण सुटलं.  मग आवाज आला, पण आता त्यात मस्करी नव्हती.

"भिका? भिका आहे तिथं?"

भिकाजींना भिका म्हणणारी माणसं एकेक करून स्मशानात गेली होती. ते भिंतीपासून सुटले.

"भिका, देवीची शपथ. ती आप्पाची काठी आहे. होळीला कधी दोन बाजूंनी तार ताणतात का रे? सहाणेवरची होळी उभी राहायची तेव्हा शेंडा मोकळा डुलायचा. आपण खाली उभं राहून बघायचो, आता पडेल, मग पडेल. विसरलास? तुझा सदरा फाटला होता."

"त्यानं फाडला होता," भिकाजी कोणालाच उद्देशून म्हणाले. मग यंत्राकडे वाकून मोठ्यानं, "तू फाडला होतास!" आप्पांनी घाईघाईनं बटण दाबलं, पण तोवर वाक्य संपलं होतं, म्हणून भिकाजींना ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते हसत म्हणाले.

पण गावकर तो गावकरच. हसून झाल्यावर कागद पुन्हा बाहेर आला.

"मन मानलं. पण कागदावर धार्मिक आहे, वैनी. उद्या दुसरा कोणी उठेल, म्हणेल ह्यांना चालतं तर आम्हाला का नाही."

मालनकाकीनं कागद घेतला. वाचायला तिला वेळ लागतो. सगळे थांबले. तिनं बोटानं एकेक अक्षर धरत शेवटपर्यंत वाचलं आणि दीपककडे वळली.

"इथं काय आहे? खांब, आणि पुढे?"

"अथवा मांडव," दीपक म्हणाला.

"मग झालं. ही मांडवाची मेढ आहे. पालखीच्या स्वागताचा मांडव. लिही तसं."

"पण काकी, मांडव कुठाय?"

"घालते!"

भिकाजींनी वर छपराकडे बघितलं, जणू तिथून कोणी सल्ला देतंय. "टाळ काढायचा," ते म्हणाले. "पौर्णिमेच्या आत. आणि मांडव पुरा पाहिजे."

मग ते पाणी प्यायले. दोन तांबे.

टाळ दादूनंच काढला. आजूबाजूला चार दोरखंड ताणून, प्रत्येकाला दोन माणसं लटकवून, वर चढून. चढताना त्यानं देवीला आणि उतरताना मालनकाकीला शिव्या दिल्या. माडाच्या पानांचे झाप विणायला बायका बसल्या. कमळानं मांडवाला किती बांबू लागतात ते सांगितलं आणि ते चुकलं. आप्पा मांडवाच्या प्रत्येक खांबामागे "तारेला लागू देऊ नका" म्हणत फिरायचे, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तारेला लागायचं.

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, उन्हं उतरल्यावर, ढोल ऐकू आले. मालनकाकीनं नवं लुगडं नेसलं, ओटीचं ताट घेतलं. मांडव भरला होता. पालखी गडग्यापाशी आली आणि थांबली. ह्या वाडीत रीत अशी, की गडग्यापासून खळ्यापर्यंत पुढचा खांदा घरधन्याचा. घरधनी पुढे झाल्याशिवाय पालखी आत येत नाही.

पालखी पेलून उभी होती ती माणसं बघवत नव्हती. जवान पोरं मुंबईची, दोन दिवस येऊन परत गेलेली. दादू होता, दोन साठीचे होते, आणि चौथ्या बाजूला स्वतः भिकाजी, आप्पांच्याच वयाचे.

"घरधनी कुठाय, वैनी?"

मालनकाकीनं मांडवभर बघितलं. पडवीत बघितलं. मग तिला खिडकी दिसली. खिडकीच्या गजातून एक हात बाहेर आला होता आणि त्या हातात तो बोलायचा डबा ढोलाच्या दिशेनं धरलेला होता. आतून आप्पांचा आवाज येत होता. "ऐकतोयस ना? आता गडग्याशी आली. चांदीचा मुखवटा चमकतोय. थांब, अजून जवळ धरतो."

देवी दारात खोळंबली होती, भिकाजींच्या खांद्यावर. ज्या पालखीसाठी तिनं देवळात पदर खोचला, त्या पालखीचं वर्णन घरधनी खिडकीतून करत होता. मालनकाकी ताट घेऊन सरळ खिडकीपाशी गेली. बटण दाबलेलंच होतं. गजातून ती एवढ्या मोठ्यानं बोलली की ढोलवाल्यांचे हात थांबले, आणि पर्थला काय झालं असेल ते पर्थला माहीत.

"काठी राहू दे, तार राहू दे, रोज बोला, मी अडवणार नाही. पण कानानं पालखी उचलली जात नाही. भावोजी, तुम्हालाही सांगते, पुढच्या शिमग्याला या, ऐकणारे खूप झाले, खांदे कमी पडतायत. आणि तुम्ही हो, तो डबा खाली ठेवा आणि बाहेर या आधी!"